गाय कुठली, रंग कोणता?

कुराण पहिल्या पानापासून सरळ वाचायला घेतलं की बरेच लोक दुसऱ्या सूरेतच, म्हणजे प्रकरणातच, अडकत असणार असा माझा अंदाज आहे. पहिली सूरा फातिहा, सात आयतींची (वचनांची) छोटीशी प्रार्थना, दोन मिनिटात संपते आणि वाटतं अरे वा, जमतंय की. आणि लगेच पुढे २८६ आयतींचं प्रकरण, नाव 'गाय'. सगळ्या मिळून ११४ सूरा आणि त्या लावल्यात ढोबळमानाने मोठ्यापासून छोट्याकडे, काळाप्रमाणे नाहीच. म्हणून मी सरळ मागून सुरुवात केली. शेवटच्या छोट्या सूरा बऱ्याचशा आधीच्या काळातल्या, मक्केतल्या, आणि त्यांचा झपाटाच वेगळा: अंजिराची शपथ, पहाटेची शपथ, धापा टाकत धावणाऱ्या घोड्यांची शपथ, आणि मग तीनचार ओळीत विषय खल्लास.

ऑफिसातल्या एका मुस्लिम मित्राने आधीच सांगून ठेवलेलं की हे बघ, भाषांतर म्हणजे कुराण नव्हे, अरबीत आहे तेच कुराण, तू वाचतेयस तो फक्त अर्थ. म्हटलं चालेल, अर्थ तर अर्थ. माझ्याकडे दोन इंग्रजी भाषांतरं आहेत, एक पिकथॉलचं आणि एक अब्दुल्ला युसूफ अलींचं, आणि दोघांचंही आपल्या मुंबईशी नातं निघालं याची मला उगाचच मजा वाटली. युसूफ अली विल्सन कॉलेजात शिकले, पुढे आयसीएस म्हणजे इंग्रजांच्या काळातले सनदी अधिकारी झाले. पिकथॉल मूळचा इंग्रज कादंबरीकार, १९१७ मध्ये मुसलमान झाला, नंतर काही वर्षं बॉम्बे क्रॉनिकल या वृत्तपत्राचा संपादक होता, मग हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेला. भाषांतर पुरं करायला निजामाने त्याला भरपगारी रजा दिली आणि १९३० मध्ये पुस्तक आलं. तेव्हा मराठवाडा निजामाच्याच राज्यात, म्हणजे त्या भरपगारी रजेत थोडा शेतसारा आमच्या आजोळचाही असणार, तेव्हा पुस्तकावर माझा थोडा हक्क आहेच. इंग्रजी मात्र दोघांचंही जुन्या वळणाचं, वाचताना सारखं चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं. युसूफ अलींच्या टिपा हजारोंनी आहेत, कधीकधी पानावर आयती दोन ओळी आणि खाली टीपच टीप.

मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते गोष्टींनी. मूसा, नूह, इब्राहिम, मरियम (बायबलमधले मोशे, नोहा, अब्राहाम, मारिया) सगळे भेटतात पण गोष्ट अशी पहिल्यापासून कोणी सांगतच नाही. मूसा तर कुठेही येतो, इथे काठी टाकतो, तिथे इजिप्तच्या राजाशी, फिरौनशी वाद घालतो, मग गायब, दहा पानांनी परत. मग लक्षात आलं की हे कीर्तनासारखं आहे, बुवा सुदाम्याचं आख्यान लावतात तेव्हा सुदामा कोण हे सांगत बसत नाहीत, समोरच्यांना माहीत असतंच, ते डायरेक्ट पोह्यांवर येतात. इथेही ऐकणाऱ्यांना गोष्टी थोड्याफार माहीत आहेत असं धरून चाललेलं आहे. बाहेरून आलेल्या माझ्यासारखीला मग टिपांचाच आधार. याला मोठा अपवाद म्हणजे युसूफची (बायबलमधल्या योसेफची) सूरा, ती सलग एकच गोष्ट आहे आणि काय गोष्ट आहे! भावांनी विहिरीत टाकलेला पोरगा, मालकाच्या बायकोचा त्याच्यावर आळ, आणि पुरावा काय तर त्याचा सदरा पुढून फाटला असेल तर हा खोटा, मागून फाटला असेल तर ती खोटी. सीआयडीचा अख्खा एपिसोड त्या एका सदऱ्यावर निघेल.

आणि ती गाय, जिच्यावरून दुसऱ्या सूरेचं नाव पडलं. मूसा लोकांना सांगतो, देवाचा हुकूम आहे, एक गाय कापा. लोक म्हणतात थट्टा करतोस का. मग विचारतात, कशी गाय? तो सांगतो म्हातारी नको, पाडी नको, मधली. मग रंग कोणता? पिवळी धमक. तरी परत, नीट सांग ना, आम्हाला सगळ्या गायी सारख्याच दिसतात. असं करत करत शेवटी कापतात, तेही अगदी न कापण्यावर आलेलं असताना. कुठल्याही सरकारी कचेरीत फाईल अशीच परत येते, अमुक जोडा, तमुक स्पष्ट करा. गाय कापण्याची गोष्ट वाचताना हसू येईल असं मला, आमच्या घरचे संस्कार बघता, वाटलं नव्हतं.

त्याच सूरेत शेवटाकडे कुराणातली सगळ्यात लांब आयत आहे. मला वाटलं होतं स्वर्ग नरक असं काहीतरी असेल. तर नाही, ती आहे उधारीवर! मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा, लिहिणारा तिसरा असावा, मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा, त्याला जमत नसेल तर त्याच्या पालकाने, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो मोठी असो लिहायचा कंटाळा करू नका, रोखीचा व्यवहार असेल तर नाही लिहिलं तरी चालेल, आणि लिहिणाऱ्याला नि साक्षीदाराला त्रास देऊ नका. हातउसने देऊन मैत्री गमावलेल्या कोणालाही हे वाचून गलबलून येईल. पण याच आयतीत दोन पुरुष साक्षीदार नसतील तर एक पुरुष आणि दोन बायका असंही आहे, ते मला खटकलं, अजून खटकतं. मित्राने त्या काळच्या व्यापाराचा संदर्भ दिला, मी ऐकून घेतला, पटला असं नाही. नवव्या सूरेतल्या लढाईच्या भागाचंही तसंच, संदर्भ वाचल्यावर थोडं कळतं, पण सोपं जात नाही.

तरी मी परत परत उघडते ते असल्या घरगुती जागांसाठीच. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरू नका, परत जा म्हणाले तर परत जा. एके ठिकाणी तर खुद्द पैगंबरांनाच बोलणी बसलीयत, एक आंधळा माणूस काही विचारायला आला तेव्हा कपाळाला आठी घालून तोंड फिरवलं म्हणून. आणि माझी सगळ्यात लाडकी आयत तेहतिसाव्या सूरेत आहे. पुढे त्याच आयतीत पडद्याचा विषय निघतो, त्यावर लोक भांडत असतात, पण सुरुवातीला काय आहे तर पैगंबरांच्या घरी जेवायला बोलावलं तरच जा, स्वयंपाक व्हायच्या आधीच जाऊन वाट बघत बसू नका, जेवण झालं की निघा, गप्पा मारत रेंगाळू नका, त्यांना त्रास होतो पण भिडेपोटी ते तुम्हाला सांगत नाहीत. ही आयत मी आईला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, मोठ्या अक्षरात लिहून दे, दाराच्या आतल्या बाजूला लावते.