झेड ब्रिजवर लिहिलेलं प्रकरण

पुण्यात नारायण पेठेत आमचं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी मजकूर टाईप करून पानं लावायचं काम चालतं, अप्पा बळवंत चौकातून जरा आत. गाईडं, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका असं सगळंच येतं, पण मला खरी गोडी कादंबरीची आणि त्यातही हस्तलिखित आलं की ते मी दुसऱ्या कुणाला देत नाही, स्वतःच घेऊन बसतो. आता बरेच लेखक मोबाईलवर बोलून टाईप करतात आणि मजकूर व्हॉट्सॲपवर टाकून देतात, त्यात वाईट काही नाही, पण मग ते कुठे बसून लिहिलंय ते काहीच कळत नाही. कागदावर कळतं.

एक कादंबरीकार मॅडम आहेत, नाव देत नाही. नोकरीमुळे त्यांचं मुंबईला जाणंयेणं असतं, डेक्कन क्वीननं. गाडीत पुठ्ठ्याचं पॅड मांडीवर घेऊन पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलनं लिहितात. त्या पानांवर अक्षर सगळं हललेलं, काना कुठे, वेलांटी कुठे, आणि मधेच पाच-सहा ओळी एकदम स्वच्छ. सुरुवातीला मला कळायचं नाही, मग त्यांनीच सांगितलं की परत येताना घाट चढायला कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन लागतं तेव्हा गाडी उभी असते, त्या त्या ओळी. घरी मात्र त्या अजिबात लिहीत नाहीत. सकाळी हनुमान टेकडीवर चालताना वाक्यं मोठ्यानं म्हणून बघतात, कागद नसतो, घरी येईपर्यंत जी लक्षात राहिली तेवढीच ठेवायची. आणि संदर्भाचं काम असेल तर ग्रंथालयात, पुणे नगर वाचन मंदिर त्यांचं आवडतं (१८४८ सालची संस्था आहे ती), तिथे पेननं, समास सोडून, शिस्तीत.

त्यांनीच मला अँथनी ट्रोलॉपबद्दल सांगितलं होतं. एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश कादंबरीकार, नोकरी पोस्टखात्यात, सतत फिरती, तर तो आगगाडीत पेन्सिलनं लिहायचा आणि नंतर त्याची बायको ते सगळं शाईनं उतरवून काढायची. मॅडम म्हणतात उतरवून काढणाऱ्याला कादंबरी सगळ्यात आधी कळते. हे त्या नुसतं म्हणत नाहीत, मानतात, म्हणून तर तो दिवस घडला.

कादंबरी पानशेतच्या पुरावरची. १२ जुलै १९६१. शेवटचं प्रूफ बघायला मॅडम ऑफिसात आल्या होत्या, बाहेर पाऊस, खडकवासला धरणातून पाणी सोडल्यामुळे नदीवरचा भिडे पूल बंद. प्रूफ चाळता चाळता त्यांनी सहज विचारलं, "तुला कुठलं प्रकरण कसं वाटलं रे?" मी म्हटलं मॅडम, खरं सांगू का, सगळी कादंबरी वाहत येते आणि नेमकं पुराचंच प्रकरण थांबतं. त्यात माहिती सगळी बरोबर होती, धरणाचं काम अपुरं होतं, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून धरण फुटणं सकाळपर्यंत लांबलं, मग पानशेतपाठोपाठ खडकवासलाही गेलं, पण त्यात माणूस कुठे भिजलेलाच नव्हता. मी मूळ कागद काढले. अख्खं प्रकरण पेननं, समास सोडून.

मॅडम बराच वेळ त्या पानांकडे बघत बसल्या. मला वाटलं रागावल्या. मग पॅड पिशवीत टाकलं, म्हणाल्या, "छत्री घे आणि चल."

झेड ब्रिज आमच्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटांवर. पुलावर ही गर्दी, सगळे पाणी बघायला आलेले, खाली भिडे पूल दिसतच नव्हता, नदीपात्रातला रस्ताही गेलेला, गढूळ पाण्यातून झाडाची फांदी, थर्माकोल, काय काय चाललेलं. मॅडमनी पॅड कठड्यावर टेकवलं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरली आणि उभ्या उभ्या लिहायला लागल्या. मी छत्री धरून. शेजारी एक आजोबा होते, त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली की त्या दिवशी आम्ही शाळेतून धावत आलो आणि आई पहिल्यांदा पिठाचे डबे माळ्यावर चढवत होती, सोनंनाणं सोडून पीठ! मॅडमनी मान वर केली नाही, पण पेन्सिलचा वेग वाढलेला मला दिसला. हात भरून आला की डाव्या हातानं मनगट दाबायच्या आणि परत सुरू. लेखक लिहिताना मी एवढ्या जवळून कधीच बघितला नव्हता, इतकी वर्षं त्यांचेच शब्द टाईप करतोय तरी. अंगावर काटा आला अक्षरशः.

ओले कागद ऑफिसात पंख्याखाली वाळवले आणि मी रात्री टाईपला बसलो. काही ठिकाणी पेन्सिल कागदातून आरपार गेलेली, तिथे फोन करून विचारलं. प्रकरण बावीस पानांवरून चौदावर आलं, म्हणजे पुढचे सगळे पानक्रमांक हलले, १६ पानांचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं) जुळवायला परत सगळं सेटिंग करावं लागलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. पेनची पानं मॅडमनी फेकली नाहीत हेही सांगायला पाहिजे, त्यातल्या वेळा आणि क्रम नव्या प्रकरणात जसेच्या तसे आहेत, त्याशिवाय ते उभंच राहिलं नसतं. पिठाच्या डब्यांचं वाक्य एकच आहे, प्रकरणाच्या मधोमध. त्यावर त्यांनी पुढे काहीच लिहिलं नाही, आणि प्रूफात मी तिथे नवा परिच्छेद टाकू का विचारलं तर म्हणाल्या, "नको, चालू दे सलग, पाणी थांबलं नव्हतं."