येळवस, तेर आणि नळदुर्ग: दोन दिवसांची भटकंती

लातूर-धाराशिवकडं जायचं असेल तर येळवशीला जा. मार्गशीर्षातली ही वेळा अमावस्या, रानात जाऊन साजरा करायचा शेतकऱ्यांचा सण. आम्ही आदल्या रात्री औशाला मुक्कामी होतो. सकाळी उठून बघतो तर बाजारपेठ बंद, गल्ल्या ओस आणि सगळी माणसं रानात. गाडीत डिझेल आदल्या दिवशीच भरून ठेवा, धाब्यांच्या भरवशावर राहू नका.

आमची ओळख एकाच घरची होती, पण रस्त्याला लागलेल्या पहिल्याच शेतातून हाक आली, "या पाव्हणं, जेवल्याबिगर जायाचं न्हाई!" कडब्याची कोपी म्हणजे छोटी खोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, समोर नैवेद्य. मग पंगत बसली. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि हाताला लागेल ती भाजी बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. मडक्यातली आंबिल गार लागते. ताक आणि ज्वारीच्या पिठाची ती चव मला अजून आठवते. वाढणाऱ्या मावशींना नको म्हणू नका, थोडं घ्या पण घ्या. हातात नारळ असू द्या आणि उभ्या ज्वारीत विचारल्याशिवाय शिरू नका. संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे वाळल्या गवताची मशाल, घेऊन पोरं शेताभोवती पळतात, तोवर थांबाच.

दुसऱ्या दिवशी तेर. तेरणाकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. रोमन जगाशी इथून व्यापार चालायचा. त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचं बौद्ध चैत्यगृह म्हणजे प्रार्थनास्थळ, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. आधी बाहेरून फेरी मारा, मगच आत जा, म्हणजे तो आकार कळतो. लामतुरे संग्रहालयाला निदान तासभर द्या. तेरला सापडलेली प्राचीन हस्तिदंती बाहुली तिथंच आहे. गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, समाधीही गावातच आहे.

धाराशिव, तुळजापूर करत नळदुर्गच्या किल्ल्यात पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात केलेला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 सालचा. खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा पडतो, असं ऐकलं होतं. आम्हाला कोरडी भिंत दिसली. नर आणि मादी हे धबधबे बांध भरून वाहू लागला तरच कोसळतात, त्यासाठी पावसाळ्याच्या शेवटी या. येळवस आणि धबधबा एकाच फेरीत मिळत नाही, मी येळवसच निवडेन. उपळी बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत, म्हाताऱ्या माणसांना खालीच सावलीत बसवा. वर तोफा आहेत.

तुळजापूरला नवरात्र ते कोजागरी पौर्णिमेच्या दिवसांत गाडीनं जाऊ नका. सोलापूरकडचा रस्ता चालत येणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो.