तुम्ही विचारलंत म्हणून: दारासिंगच्या कुस्त्या खऱ्या होत्या का?

वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये मी दारासिंगला लढताना पाहिलंय, असं कुठे बोलून गेलो की पुढचा प्रश्न ठरलेला. "पण त्या कुस्त्या खऱ्या होत्या का हो?" विचारणारा साठीचा असला तर आवाजात थोडी आशा असते. पंचविशीचा असला तर उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं, फक्त माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं.

तर सांगून टाकतो. निकाल ठरलेले असत. आपल्याकडे त्याला अस्सल शब्दही आहे, नुरा कुस्ती. हल्ली तो पुढाऱ्यांच्या भांडणांपुरता उरलाय, पण मूळचा आखाड्यातला. जीव तोडून लढतात ती काटा कुस्ती आणि आतून ठरवून लढतात ती नुरा.

पण एवढ्यावर मला थांबता येत नाही, कारण मला दारासिंग दाखवायला नेलं ते आमच्या आबांनी. आबा साताऱ्याकडचे. लहानपणी रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग जत्रांच्या मैदानांत इनामाच्या. उजवा कान मोडलेला. पुढे मुंबईत येऊन गिरणीत लागले आणि लांग सुटली ती सुटलीच. 'फ्री स्टाइल दंगल'ची पोस्टरं भिंतीवर दिसली की म्हणायचे, "नुरा हाय समदं." 'फ्री स्टाइल' या शब्दाचाच त्यांना राग. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं ते फ्री स्टाइलमधलं, आणि इथे दोरांवरून उड्या मारणाऱ्यांनाही तेच नाव! (आता तर पेपरात 'दोन गटांत फ्री स्टाइल हाणामारी' असं छापतात. बरं झालं, आबा नाहीत.)

१९६८च्या मे महिन्यात दारासिंगने मुंबईत लू थेसला हरवलं. थेस म्हणजे अमेरिकेतला, अनेकदा जगज्जेता झालेला मल्ल. मी तेरा वर्षांचा होतो आणि आमच्या चाळीत दुसरा विषय नव्हता. पुढे थेसने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं की दारासिंग अस्सल कुस्तीगीर होता, शरीर उत्तम कमावलेलं होतं, त्याच्याकडून हरायला आपली काही हरकत नव्हती. आता 'हरकत नव्हती' म्हणजे निकाल ठरला होता हे आलंच. पण थेस खऱ्या पकडींचा जाणकार. कुणाही सोम्यागोम्याला पाठ लावू देणारा तो माणूस नव्हता.

थेसचं लिहिणं मला फार उशिरा कळलं. त्या वर्षी फक्त हट्ट केला आणि पुढच्या एका दंगलीला आबा तयार झाले. बहुधा पगाराचा शनिवार होता.

समोर एक दाढीवाला परदेशी होता. त्याने पंचाला ढकललं, प्रेक्षकांकडे बघून मुठी उगारल्या, लोक शिव्या घालत उभे राहिले. हे सगळं मला खरं वाटत होतं. आबा मात्र हाताची घडी घालून बसलेले, अगदी परीक्षकासारखे. मग दारासिंगने त्याला उचललं आणि आपटलं. फळ्यांवर कॅनव्हास ताणलेला असतो, त्याचा आवाज असा होतो की वरच्या रांगेतही पाठीला कळ येते. मी ओरडलो. आबा पुढे वाकले आणि म्हणाले, "हात बघितलास? मानंखाली घातला हात."

मला काहीच दिसलं नव्हतं.

"आपटायच्या आदी त्याची मान धरली त्यानं. गडी पडला तो पाठीवर, मानंवर न्हाई." थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "शिकायला वर्सं लागत्यात याला."

त्या रात्री वरळीहून चालत येताना त्यांनी मला समजावलं. सव्वाशे किलोचा माणूस असा सहज उचलला जात नाही, उचलून घेणाराही जरा उडी मारतो. पडणारा अंग पसरून पडतो, म्हणजे मार एका जागी बसत नाही. मला वाटतं, माझं 'खरं-खोटं' त्याच रात्री बिघडलं. दारासिंगने किंगकाँगला डोक्यावर उचलून फिरवल्याची गोष्ट तेव्हा घरोघर सांगायचे. किंगकाँग म्हणजे एमिल झाया, हंगेरीकडचा, दीडशे किलोच्या वरचा गडी. निकाल ठरलेला असला तरी ते वजन पाठीच्या कण्यावरच येणार ना?

आबांना दारासिंगबद्दल आणखी एक गोष्ट आवडायची, ती त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेली. तो अमृतसरजवळच्या धर्मूचकचा, शेतकऱ्याचा पोरगा. १९४७ साली सिंगापूरला गेला तो पोटासाठी, ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे हरनामसिंग नावाचा वस्ताद भेटला आणि मलायात नाव झालं. "त्यो कारखान्यातनं आखाड्यात ग्येला," आबा म्हणायचे, आणि स्वतःचं वाक्य अर्धंच ठेवायचे. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९५४ साली रुस्तम-ए-हिंद, १९५९ साली कलकत्त्यात कॅनडाच्या जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेता, मग मुमताजबरोबरचे सिनेमे. १९८३ साली दिल्लीत शेवटची दंगल घेऊन निवृत्त झाला, पुढे राज्यसभेत गेला आणि २०१२च्या जुलैत मुंबईतच गेला.

एकदा, मी नोकरीला लागल्यावर, आबांना सरळच विचारलं, "तुम्ही कधी नुरा लढलात का?" ते तंबाखू मळत होते. बराच वेळ मळली. "येकदा. समोरच्याच्या बहिणीचं लगीन हुतं. बरोबरीत सोडवायची म्हनून ठरलं, इनाम वाटून घ्यायचं." मग म्हणाले, "पर त्यात बी माझा खांदा निसटलाच की."

१९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. आमच्या मजल्यावर एकच रंगीत टीव्ही, तोही शेजारच्या मास्तरांकडे. रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसं त्या खोलीत कोंबलेली, चपला जिन्यापर्यंत. हनुमान पडद्यावर आला की बायका हात जोडायच्या, एक आजी तर टीव्हीला हळदकुंकू लावायच्या. दारासिंग तेव्हा साठीला टेकलेला. रामापुढे एक गुडघा टेकून बसलेला तो उठला, आणि खोलीत 'जय बजरंगबली' झालं.

आबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आत कुणी सरकून जागा केली तरी खाली बसत नसत, कारण बसलं की उठायला कुणाचा तरी हात लागायचा. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "डावा गुडघा ग्येलाय त्याचा. बघ, मांडीवर हात टेकून उठला."