गोव्याला जाऊन न पिता परत कसा येतो

हे मला एपीएमसीत माल भरताना नवे ड्रायव्हर विचारतात, रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण पोरंही विचारतात, की मामा आठवड्यातून चार खेपा गोव्याला, तिकडं दारू इकडच्यापेक्षा स्वस्त, बार तर रस्त्याला लागूनच, मग तुम्ही कोरडे परत येता कसे. घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेत आलोय. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहितो.

आधी मी पीत होतो. रात्री कोबी, फ्लॉवर, मिरची भरायची, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, पहाटे म्हापशाच्या मार्केटात माल टाकायचा आणि व्यापाऱ्यांकडची वसुली घेऊन रिकामी गाडी परत. सांखळी सोडली की घाट लागायच्या आधी एक जागा होती, तिथं गाडी आपोआप थांबायची. एक दिवस खिशातले संपले म्हणून वसुलीतले 1,800 रुपये तिथं गेले आणि मालकांना सांगितलं की अमक्यानं कमी दिले. त्यांनी माझ्यासमोरच त्याला फोन लावला.

बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात यहूदाबद्दल, म्हणजे येशूला धरून देणाऱ्या शिष्याबद्दल लिहिलंय, त्याच्याकडं पैशांची डबी असायची आणि तिच्यात टाकलेलं तो चोरून घ्यायचा. संडे स्कूलपासून ऐकलेली ओळ, पण त्या आठवड्यात ती डोक्यातून जाईना. चांदीची तीस नाणी घेऊन येशूला धरून दिलं ती फार पुढची गोष्ट, आधी डबीच होती. रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांपुढं बसून सगळं बोललो, रडलो, प्रार्थना केली, आणि देवानं मला त्या दिवशी क्षमा केली यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण सोमवारी मालकांनी वसुलीची पिशवी काही माझ्याकडं दिली नाही, सोबत आपल्या पुतण्याला बसवलं. मला राग आला, देवानं माफ केलं आणि हे अजून धरून बसलेत म्हणून. पाळकसाहेबांना तसंच बोललो तर म्हणाले, जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं ते येशू त्याच्याकडं उतरायला आल्यावर, म्हणजे क्षमा तुला फुकट मिळाली बाबा, पण ज्याचे पैसे गेले त्याला वेळ लागणार, तेवढा वेळ त्याला दे की. चौपट काय मला जमलं नाही, 1,800 तेवढे तीन पगारांतून कापून दिले.

आता न पिण्याचं. पोरांना वाटतं मी बारच्या दारात उभा राहून मनाशी झगडतो. मी तिथं उतरतच नाही. बायबलातल्या उत्पत्तीच्या 39व्या अध्यायात योसेफ आहे बघा, त्याच्या मालकाची, पोटीफरची बायको रोज मागं लागलेली आणि तो सांगतोय की मालकानं घरातलं सगळं माझ्या हाती दिलंय, मग हे मोठं पाप मी देवाविरुद्ध कसं करू. मालकाचा विश्वास आणि देव त्याच्या तोंडात एकाच दमात येतात, हे मला फार लागलं. आणि शेवटी तिनं वस्त्र धरलं तेव्हा बोलत नाही बसला, वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळाला. (आणि इतकं करूनही तुरुंगात गेला, हे पण पोरांनो वाचा.) तर मी पण पळतो. म्हापशातच पोटभर खाऊन निघतो कारण पोट रिकामं असलं की माझं मन लवकर घसरतं, थर्मासमध्ये चहा असतो, सांखळीला घरी फोन लावतो आणि मग कणकुंबी येईपर्यंत गाडीला ब्रेक नाही. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की अजून आठवण येते, खोटं कशाला बोलू. मग केबिनमध्ये प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ मोठ्यानं म्हणतो, आम्हांला परीक्षेत आणू नको. त्या प्रार्थनेत मला लढायची ताकद दे असं नाहीच आहे, तिकडं नेऊच नको असं आहे, आणि मला स्वतःची ओळख असल्यामुळं तेच बरोबर वाटतं.

बायबलातल्या गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचं फळ सांगितलंय त्यात विश्वासूपणा आणि इंद्रियदमन एकाच यादीत आहेत. माझ्याकडून दोन्ही एकदमच गेली होती.

आठ महिन्यांनी पुतण्या खाली उतरला आणि पिशवी माझ्याकडं आली. मी अजूनही म्हणतो मालक, मोजून घ्या, मी उभा आहे.

घरी जास्त वेळ लागला. दुपारी गाडी लावून आलो की बायको जेवणाचा डबा घ्यायला दारापर्यंत यायची, आणि डबा घेताना जरा जवळ उभी राहायची. कशासाठी ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, बोललं कोणीच नाही. मी पण मुद्दाम दोन शब्द जास्त बोलायचो, श्वास तिच्यापर्यंत जावा म्हणून. दीडएक वर्ष असंच चाललं. मग एका दुपारी दारात आलो तर कोणी नाही, आतून भाकरी थापल्याचा आवाज, आणि ती तिथूनच म्हणाली, "आलासा काय? डबा कट्ट्यावर ठेवा, माझे हात पिठाचे हायत."