बिल्डरकडून चावी घेताना मॉडेलपण मागा

इंटिरियरवाल्याने लॅपटॉपवर दाखवलेला थ्रीडी व्ह्यू म्हणजे बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, इमारतीची सगळी माहिती असलेलं मॉडेल) नाही. हे मी हल्ली इतक्या लोकांना सांगतेय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

थ्रीडी व्ह्यूमध्ये सोफा छान दिसतो, खिडकीतून ऊन येतं, पण त्यातली भिंत म्हणजे नुसता रंगवलेला पत्रा. बिमच्या मॉडेलमध्ये भिंतीला माहीत असतं की ती ब्लॉकची आहे की काँक्रीटची, किती जाडीची, कुठल्या मजल्यावरची, तिच्यातून कुठला पाईप जातोय. खिडकी सरकवली की प्लॅन, सेक्शन, खिडक्यांची यादी, सगळं एकदम बदलतं, कारण ती सगळी एकाच मॉडेलमधून निघालेली असतात. कल्पना काही आजची नाही, चक ईस्टमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७५ मध्येच हे मांडलं होतं, आणि आम्ही वापरतो ते रेव्हिट सॉफ्टवेअरसुद्धा २००० सालचं आहे.

गंमत बघा, मी ऐरोलीच्या ऑफिसात बसून दिवसभर इंग्लंडमधल्या इमारतींची मॉडेलं करते, कारण तिथे २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रोजेक्टना बिम लागतंच, त्यांच्या एखाद्या शाळेच्या छतातला डक्ट कुठून कुठे वळतो ते मला पाठ असतं. आणि संध्याकाळी ट्रान्सहार्बरने ठाण्याला घरी आले की आमच्याच बाथरूमचा पाईप नक्की कुठून गेलाय ते मला, प्लंबरला, वरच्या मजल्यावरच्या काकांना, कुणालाच माहीत नाही. आपल्याकडे वापरतच नाहीत असं नाही हं, नागपूर मेट्रोने ५डी बिम वापरलं, म्हणजे थ्रीडीला वेळापत्रक आणि खर्चपण जोडलेला. घरांच्या बाबतीत मात्र ते बिल्डर आणि कन्सल्टंटच्या कॉम्प्युटरमध्येच राहतं, राहायला येणाऱ्या माणसापर्यंत पोचतच नाही.

घरात याचा खरा उपयोग कुठे, तर पाईप आणि बीमच्या (बिम नव्हे, काँक्रीटच्या तुळईच्या) भांडणात. संडासाचा चार इंची पाईप शाफ्टपर्यंत न्यायचा तर त्याला मीटरमागे एक-दोन सेंटीमीटर तरी उतार लागतो, आणि नेमका मध्ये बीम येतो. बीममधून न्यायचा तर काँक्रीट ओतायच्या आधी स्लीव्ह (पाईप जायला मोकळी नळी) ठेवायला हवी, तीपण स्ट्रक्चरल इंजिनियरने हो म्हटलं तर. नंतर भोक पाडायचं म्हणजे सळई कापायचा धोका. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पोडियम पार्किंग बघा, बीमखाली स्प्रिंकलर, त्याच्या खाली ड्रेनेज, शेजारी केबल ट्रे, आणि एवढं करून गाडीच्या डोक्यावर उंची उरायला हवी. सगळ्यांची मॉडेलं एकत्र करून क्लॅश, म्हणजे कुठे काय एकमेकांत घुसतंय ते, काढतात ते यासाठी. पहिल्या रनला रिपोर्ट एवढा मोठा येतो की नवीन पोरं घाबरतात, पण त्यातलं बरंचसं फालतू असतं, एकच पाईप प्रत्येक मजल्यावर त्याच जागी बीमला घासतोय आणि सॉफ्टवेअर ते दरवेळी वेगळं मोजतंय. खरे क्लॅश निवडायला माणूसच लागतो. मग मीटिंगमध्ये प्लंबिंगवाला म्हणतो बीम हलवा, स्ट्रक्चरवाला म्हणतो बाथरूम हलवा, आर्किटेक्ट दोघांवर चिडतो. हे भांडण तसंही होणारच असतं, फक्त मॉडेल नसेल तर ते स्लॅब ओतून झाल्यावर साइटवर होतं आणि तिथे निकाल ड्रिलवाला लावतो.

मायवनच्या इमारतींमध्ये तर हे अजूनच महत्त्वाचं. मायवन म्हणजे ॲल्युमिनियमचं सेंट्रिंग, भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. कोलशेतला, खारघरला नवीन टॉवरमध्ये घर घेतलं असेल तर बऱ्याचदा हेच असतं. जुन्या विटांच्या घरात वायरिंग बदलायचं तर झिरी मारली, वायर टाकली, सिमेंटने बुजवली, संपलं. मायवनमध्ये कंड्युट (वायरीच्या नळ्या), स्विचचे बॉक्स, पाईपांच्या स्लीव्ह सगळं ओतायच्या आधीच बसवलेलं असतं, आणि ती भिंतच इमारतीचा भार घेत असते, त्यामुळे किचन आणि हॉल एक करून द्या म्हणणाऱ्यांना नाही म्हणावं लागतं. एसीच्या पाईपसाठी भोक हवं असेल तरी मशीनने कोअर कटिंग, त्यात सळई आली तर पंचाईत. प्रीकास्टमध्ये तेच, सिडकोने बामणडोंगरीला ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत उभी केली तेव्हा भिंती कारखान्यातून तयार येत होत्या, तिथे "अरे इथे एक पॉइंट राहिला" म्हणायची सोयच नाही.

आता रिनोव्हेशन. वाशीला माझ्या मावशीचं जुनं सिडकोचं घर आहे, तिला कुणीतरी सांगितलं की सगळ्या घराचं लेझर स्कॅनिंग करून मॉडेल बनवून घ्या, मग काम करा. मी तिला सरळ सांगितलं, मावशी, पैसे वाचव. एका फ्लॅटसाठी ते परवडत नाही आणि त्यातून पाहिजे ते मिळतही नाही. स्कॅनर लाखो बिंदूंचा ढग देतो, भिंत कुठे वाकडी, ओळंब्यात आहे की नाही, खोली काटकोनात आहे की नाही (नसतेच) ते सगळं अगदी मिलिमीटरमध्ये कळतं. २०२० पासून महागड्या आयफोनमध्येपण लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) आलाय, पाचेक मीटरपर्यंत चालतो, फर्निचरचा अंदाज घ्यायला बरा आहे. पण हे सगळं वरवरचं. प्लास्टरच्या आत गंजलेला जीआय पाईप कुठून गेलाय ते त्या ढगात दिसत नाही. सळई शोधायला रिबार लोकेटर असतो, बाकीचं बऱ्याचदा फोडल्यावरच कळतं. त्यात त्या घरांमध्ये इतक्या वर्षांत कुणी बाल्कनी आत घेतलीय, कुणी मोरी हलवलीय, मूळ ड्रॉइंग आणि घर यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही. अशा ठिकाणी सुंदर मॉडेल बनवून त्यात अंदाजाने पाईप काढणारे लोक मला फार धोकादायक वाटतात, कारण चित्र इतकं नीट दिसतं की बघणाऱ्याला वाटतं हे मोजलेलंच आहे. मॉडेल करायचंच तर कुठलं मोजलंय आणि कुठलं गृहीत धरलंय हे त्यात लिहायला हवं.

मावशीकडे आम्ही काय केलं, तर नवीन पाईप आणि कंड्युट टाकून झाले की लाद्या लावायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप धरून फोटो काढले, कोपऱ्यापासून किती, जमिनीपासून किती. प्लंबर हसत होता, "मॅडम, ये सब कौन देखेगा". नंतर गिझरवाला ड्रिल घेऊन आला तेव्हा मावशीने फोन काढून दाखवला आणि त्याने भोक चार बोटं बाजूला मारलं. मॉडेल मी नंतर हौसेने केलं, पण काम फोटोंनीच झालं होतं.

मात्र अख्खी इमारत नवीन होत असेल तर हिशोब बदलतो. ठाण्यात नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंत आणि तिकडे वाशीत रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालल्यात, लोक सहकार कायद्यातल्या ७९ए चा ४ जुलै २०१९ चा रीडेव्हलपमेंटचा आदेश तोंडपाठ म्हणून दाखवतात, कार्पेट, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), भाडं यावर तासन् तास बोलतात. रेराच्या कलम १७ मध्ये बिल्डरने पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यापासून ३० दिवसांत कागदपत्रं आणि प्लॅन सोसायटीला द्यायचे असं आहे, पण प्लॅन म्हणजे हातात येतात त्या पीडीएफ, त्यापण बऱ्याचदा मंजुरीच्या, प्रत्यक्ष बांधलेल्या नाहीत. कलम १४ मध्ये ताब्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरचा किंवा कामाचा दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरकडे. ते मागायला जाताना गळणारा पाईप कुणाचा, कुठून येतो हे आधी कळायला नको का?

म्हणून माझं म्हणणं, डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमध्येच लिहून घ्या की ताब्याच्या वेळी ॲज-बिल्ट मॉडेल मिळेल. डिझाइनचं नाही, साइटवर जे बदललं ते घालून अपडेट केलेलं. फाइल आयएफसीमध्ये हवी, ते आयएसओ १६७३९ चं खुलं स्टँडर्ड आहे, उद्या कुठलं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी उघडेल, सोबत मूळ फाइल आणि पीडीएफपण घ्या. किती डिटेल हवं तेही लिहा, नाहीतर नुसती खोकी रचून देतील. एलओडी (डिटेलची पातळी) ३५० मागितलं तर स्लीव्ह, सपोर्टसकट मिळायला हवं, आणि ५०० म्हणजे साइटवर जाऊन ताडून बघितलेलं. बिल्डर म्हणेल खर्च वाढतो. मोठ्या टॉवरला मटेरियल किती लागेल ते काढायला त्यांच्या कन्सल्टंटकडे मॉडेल बऱ्याचदा असतंच, खरा खर्च ते साइटप्रमाणे अपडेट ठेवण्याचा, तेवढं भांडून घ्या.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी विचारलं, "अगं पण ते उघडणार कोण, सेक्रेटरीला व्हॉट्सॲप उघडता येत नाही." प्रश्न बरोबर आहे. आयएफसीसाठी फुकटची व्ह्यूअर मिळतात, प्लंबरने बोलावल्यावर सोसायटीतलं एखादं इंजिनियरिंगचं पोरगं दहा मिनिटांत दाखवेल. फाइल मात्र सेक्रेटरीच्या लॅपटॉपवर ठेवू नका, सेक्रेटरी बदलतो, लॅपटॉप त्याच्याबरोबर जातो, सोसायटीच्या नावाचा ईमेल काढून त्याच्या ड्राइव्हवर ठेवा.

पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा मुद्दा घातलाय, पार्किंगच्या नंतर. पार्किंगच्या पुढे आमची मीटिंग आजवर कधी गेलेली नाही, म्हणून पीएमसीला (सोसायटीच्या प्रोजेक्ट सल्लागाराला) लेखी पत्रही देऊन ठेवलंय.