खोकड आलं, पण खांबाचं भांडण मिटलेलं नाही

मंडळी, आलं! सोलापूरजवळच्या मंद्रूपला मामांच्या बांधावर मी खांबाला कॅमेरा लावलाय, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. त्यात पहाटे 4 वाजून 12 मिनिटांनी, डावीकडून उजवीकडे, पाच फ्रेम. तिसऱ्या फ्रेममध्ये लांब, झुपकेदार, काळ्या टोकाची शेपटी इतकी स्वच्छ आलीय की कोल्हा की खोकड हा प्रश्नच उरत नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा प्राणी चौकटीच्या मधोमध आहे. मी तो फोटो मामांना दाखवला, मामींना दाखवला, मळ्यात हुरडा खायला आलेल्या पाहुण्यांनाही दाखवला.

आता त्यामागची रडकथा. दिवाळीत या कॅमेऱ्यासाठी एक इंची लोखंडी अँगलचा खांब दीड फूट गाडला होता, ते मागे लिहिलंच आहे. तेव्हा जमिनीत ओल होती, खांब जागचा हलत नव्हता. डिसेंबरात कार्ड काढलं तर 2,146 फोटो, आणि त्यातले जवळपास सगळे कुसळी गवताचे. सुरुवातीला पायवाट फ्रेमच्या मधे दिसते, मग दिवसागणिक वर सरकते, शेवटी दिसेनाशीच होते. खांब ज्वारीकडे कलत चालला होता. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला, ज्वारीही उत्तरेला, म्हणजे तो नेमका पुढे वाकून स्वतःच्या पायाशी बघत होता. हिशेब करून पाहा: खांब पाच अंश कलला की चार मीटरवर नजर 35 सेंटीमीटर खाली येते. खोकडाची खांद्यापर्यंतची उंचीसुद्धा तेवढी नसते. त्यात उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यावर हललं की सेन्सरला प्राणीच वाटतो, म्हणून कार्ड भरलं.

मी आधी खोली वाढवली, दोन फूट केली. तरी कलला. मग सिमेंट-खडी कालवून बुडाशी ओतली. आठ दिवस छान गेले, आणि मग सिमेंटचा अख्खा गोळाच खांबासकट कलला. त्या दिवशी बांधावर बसून मला खरोखर रडू आलं.

मामा ज्वारीत उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगं, जमीन फाटायलीय, तुझा खांब कशाला सरळ राहील?" आणि भेगेत हातातली काठी घातली. ती कोपरभर आत गेली. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि रब्बीत ओल उडाली की आकसते, हे शाळेत पाठ केलं होतं. पण माझा खांब एकाच बाजूला का जातो, हे त्यांनी दाखवल्यावर कळलं. बांधाच्या एका अंगाला पड, दुसऱ्या अंगाला ज्वारी. ताटं ओल ओढून घेतात, म्हणून त्या अंगाची माती जास्त आकसते आणि खांब तिकडे झुकतो. पिकात ते या भेगा बुजवायला आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरवतात. बांधावर कोण कोळपणार?

"घराचा पाया घेताना काय करतात? काळी काढून मुरूम भरतात," हेही त्यांचंच. मग दोन फूट रुंद, अडीच फूट खोल खड्डा घेतला, मुरमाचे थर टाकले, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केली. सगळी दुपार गेली, तळहाताला फोड आले. पंधरा दिवसांनी ओळंबा लावला तर खांब सरळ, आणि कार्डात खोकड!

ज्यांचं काम मुरमाड माळावर आहे त्यांना हा त्रास होणार नाही, नुसता ठोकलेला खांबही चालेल. फक्त नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काही लावायचं तर आधी वनविभागाची परवानगी काढा.

खांबावर कॅमेरा धरणाऱ्या ब्रॅकेटबद्दल थोडक्यात. सहा एमएमचा बोल्ट कॅमेऱ्याच्या बुडाला लावू नका, कृपा करून. तो दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर केला की पितळी आटे जातात. कॅमेऱ्याला पाव इंच जाडीचा, एका इंचात वीस आटे असलेला बोल्ट लागतो, म्हणजे आट्यांमधलं अंतर 1.27 मिलिमीटर, सहा एमएमचं 1 मिलिमीटर असतं. दुकानात "दोन सुती, इंची आट्याचा" असं स्पष्ट मागा. दुकानातल्या या इंची आट्याचा (व्हिटवर्थ) कोन 55 अंश आणि कॅमेऱ्याच्या आट्याचा 60, पण हातानं आवळण्यापुरता तो बिनतक्रार बसतो. मला हे बोल्ट मागाचे जुने सुटे भाग विकणाऱ्या भंगारवाल्याकडे मूठभर मिळाले. त्याच्याकडूनच मागाचा नायलॉनचा जुना पट्टाही (पिकिंग बँड) आणला. त्याचे तुकडे ब्रॅकेट आणि कॅमेऱ्याच्या मधे घातल्यापासून कॅमेरा फिरणं बंद झालंय. ऑनलाइन मागवलेला बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवायचा गोल सांधा) मात्र उन्हात ढिला पडतो. त्यापेक्षा दोन एल पट्ट्या, स्प्रिंग वॉशर आणि विंग नट कितीतरी भरवशाचे.

इथपर्यंत लिहून पोस्ट संपवणार होते, पण काल परत जाऊन आले. मुरमाच्या खड्ड्याच्या कडेनं, बरोबर ज्वारीच्या अंगाला, बोटभर रुंद भेग पडली आहे. ओळंबा अजून सरळ आहे. पण उन्हाळा यायचाय.

त्यामुळे आता डोक्यात वेगळंच आहे. काळ्या मातीतल्या इमारतींसाठी रुरकीच्या सीबीआरआय संस्थेनं अंडर-रीम्ड पाइल विकसित केले: खाली फुगीर बूड असलेला खांब, जो न हलणाऱ्या थरात रुतून बसतो, म्हणजे वरची माती काय करते याची त्याला पर्वा नसते. आपल्याला तेवढं मोठं नको, पण तत्त्व तेच वापरता येईल. डाळिंबाचे खड्डे घेणारं ऑगर भाड्यानं आणायचं, पाच फूट खाली जायचं, तळाशी सिमेंट. त्यात एक इंची पाइप उभा करायचा आणि वरच्या तीन फुटांत त्याभोवती तीन इंची पीव्हीसीची बाही घालायची. मधली जागा मोकळी ठेवायची. माती बाहीला ढकलेल, पाइपला नाही. बाहीचं तोंड जुन्या ट्यूबनं बांधावं लागेल, नाहीतर आत विंचू शिरतील.

म्हशी येऊन खांबाला अंग घासायच्या, तो प्रश्न बुडाशी बाभळीचे काटे रचून सध्या सुटला आहे.

ज्वारी काढून झाली की ऑगर आणणार. तोवर दर रविवारी ओळंबा.