तुम्ही विचारलंत म्हणून : एका दिवसाच्या हवेला दोन आठवडे का लागतात?

मोबाइलवर हवेचा निर्देशांक तासागणिक दिसत असताना तुमच्या प्रयोगशाळेला एका दिवसाच्या हवेचा अहवाल द्यायला दोन आठवडे का लागतात, असे मला घरच्या लग्नकार्यातही विचारले जाते.

मोबाइलवरचा आकडा कण किती आहेत हे सांगतो, ते कशाचे आहेत हे सांगत नाही. मुंबईच्या हवेत समुद्राचे मीठ असते आणि भट्टीतून निघालेले शिसेही असते. तराजूला दोन्ही सारखीच. आपल्या निर्देशांकातील आठ प्रदूषकांत शिशाचा समावेश आहे, पण ते तासागणिक मोजले जात नसल्याने तत्काळ दिसणाऱ्या आकड्यात ते धरलेले नसते.

आमचे यंत्र मिनिटाला सुमारे 16.7 लिटर, म्हणजे दिवसभरात 24 घनमीटर हवा ओढते. आत हवेला एकदम वळवले जाते. जड कणांना ते वळण साधत नाही आणि ते तबकडीवर आपटून तिथेच राहतात, हलके कण पुढे टेफ्लॉनच्या फिल्टरवर बसतात. पीएम 2.5, म्हणजे साधारण 2.5 मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण; पण ते चाळणीचे भोक नव्हे : 2.5 मायक्रॉनच्या कणांपैकी साधारण निम्मे पुढे जातात आणि निम्मे अडकतात. आकाराची ही उठाठेव धातूंसाठीही लागते, कारण रस्त्याच्या धुळीतील लोह बहुधा जाड कणांत सापडते, तर तापलेल्या भट्टीत वाफ झालेले शिसे, आर्सेनिक आणि कॅडमियम थंड होताना बारीक कणांवर जमतात आणि त्यांच्यासोबत फुफ्फुसात खोलवर पोहोचतात.

फिल्टर आधी आणि नंतर नियंत्रित आर्द्रतेत 24 तास ठेवूनच तोलावा लागतो (पावसाळ्यात ही आर्द्रता राखताना आमची खरी परीक्षा होते), मग त्यावरचे धातू नायट्रिक आम्लात उतरवून प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) असलेल्या यंत्रात मोजायचे. आर्सेनिकची वार्षिक मर्यादा घनमीटरला 6 नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) आहे; म्हणजे मर्यादेइतके आर्सेनिक असले तरी अख्ख्या दिवसाच्या फिल्टरवर ते जेमतेम 144 नॅनोग्रॅम भरते. इतक्या कमी प्रमाणात आपले हातही नमुना बिघडवतात. एकदा जस्ताचे आकडे भलतेच वाढले, म्हणून आम्ही जवळच्या कारखान्यावर संशय घेतला. पण हवा न ओढता नुसता नेऊन आणलेला कोरा फिल्टरही तेवढेच जस्त दाखवू लागला, तेव्हा दोष आमच्या रबरी हातमोज्यांचा निघाला. नमुन्यांचा तो सारा संच आम्हाला रद्द करावा लागला. तेव्हापासून कोऱ्या फिल्टरचा आकडा हाती आल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही.